अमावस्येला म्हटलेलं ‘चला’

“ही काही ऐकीव गोष्ट नाही हं,” घरामागच्या डेकवरचा दिवा मालवत बाळकाका म्हणाले. सलोनी आणि शंतनूने फोन उलटे ठेवले. “आपल्या फ्रीमाँटमधलीच आहे. एकनाथ टिपरे, माझा मित्र. दोन हजार पंचवीसचा सप्टेंबर, तारीख एकवीस, रविवार. सर्वपित्री अमावस्या.”

त्या संध्याकाळी एकनाथला फक्त शेजारणीला सोडायचं होतं. नोई तिचं नाव, सत्तरीची, दक्षिण थायलंडची. अंधारात ड्राइव्ह करायला तिला दिसत नसे, आणि थाई देवळात तिच्या गावाकडचा सण होता.

“गाडीत बसून काय करणार? आत या,” ती म्हणाली.

एकनाथ गेला. मार्चमध्ये सुलभा, त्याची बायको, वारली तेव्हापासून त्याचं असंच चाललं होतं. कुणी जेव म्हटलं की जेवायचा, चल म्हटलं की चालायचा. रडला नव्हता. तिचं श्राद्धही केलं नव्हतं.

मंडपात बायका केळीच्या पानांवर खाऊ मांडत होत्या. त्यात केसांसारखी बारीक, सोनेरी जाळी होती.

“पंधरा दिवस मेलेल्यांना सुट्टी असते,” नोई सांगू लागली. “आज संपते. आज त्यांना निरोप. प्रेताचं, म्हणजे भुकेल्या आत्म्याचं, तोंड सुईच्या भोकाएवढं, म्हणून खाऊही बारीक.”

“तुमच्यातही प्रेतच म्हणतात?”

“प्रेतच,” ती म्हणाली. अगदी आपल्यासारखं.

भिक्खूंचं पठण संपलं. लोक हसत, ढकलाढकली करत त्या खाऊवर तुटून पडले. तो खाल्ला की भलं होतं म्हणे. कुणीतरी एकनाथच्या हातावर तुकडा ठेवला. त्याने खाल्ला. गोड होता, एवढंच कळलं.

मग नोई त्याला फाटकाबाहेर घेऊन गेली. पार्किंगच्या कडेला, झाडाखाली, खाऊचं एकच पान ठेवायचं होतं.

“हे कुणाचं?”

“ज्यांचं नाव कुणी घेत नाही, त्यांचं. ती प्रेतं देवळात येत नाहीत.” ती थोडी थांबली. “तुम्हाला कुणाचं नाव घ्यायचंय?”

सुलभाचं नाव ओठांपर्यंत आलं. पण आत काही हललंच नाही. एकनाथने नकारार्थी मान हलवली. पान ठेवलं, गुडघे झटकले आणि आपण उठताना म्हणतो ना, तसं सवयीने म्हणाला,

“चला.”

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दोघं गाडीत बसले, दोघांनीही बेल्ट लावले. गाडी निघाली.

टिंग… टिंग… टिंग…

समोर लाल दिवा लागला होता. मागच्या सीटचा. मागे कुणी बेल्ट न लावता बसलं की लागतो, तो.

एकनाथने गाडी कडेला घेतली. उतरला. मागचं दार उघडलं. सीट रिकामी. पिशवी नाही, कोट नाही. हात फिरवून पाहिला. काहीच नाही.

पुन्हा निघाले.

टिंग… टिंग…

“सेन्सर बिघडला असेल,” तो म्हणाला.

नोई मागे बघत नव्हती. “उठताना तुम्ही काय म्हणालात?”

“कुठे?”

“झाडाखाली.”

“चला.”

“म्हणजे काय?”

 एकनाथ हळूच म्हणाला, “माझ्याबरोबर या.”



टिंग… टिंग…

“सुलभा?” त्याने आरशात न बघता विचारलं.

टिंग…

मग मागे… खट्ट.

आवाज थांबला. लाल दिवा विझला.

एकनाथने गाडी सरळ घरी आणली.

“मग? सुलभाकाकूच होत्या ना?” सलोनीने विचारलं.

 

“सकाळी त्याने मला बोलावून घेतलं,” काका म्हणाले. “गाडी गराजमध्येच होती. मागचा बेल्ट लावलेला. पण सीटला चिकटलेला नाही. पुढे आलेला… मधे एक माणूस मावेल, एवढा. मी बोटाने दाबून पाहिला. ताठ होता.”

“आणि?”

“आतल्या बाजूने कोमट.”