डुलणारा मनोरा

"हा घातपात आहे, मास्तर," कारखान्याचे मॅनेजर दारातच म्हणाले.

मास्तर पूर्वी भौतिकशास्त्र शिकवायचे, आता खासगी तपास करायचे. सोबत त्यांचे मेहुणे बापू होते. कंट्रोल रूमच्या काचेतून ऊर्ध्वपातनाचा मनोरा दिसत होता, पंधरा मजले उंच. बापू मान वर करून बघतच राहिले.

"मनोऱ्याच्या माथ्याचं तापमान अर्धा अंशही हलता कामा नये. कंट्रोलर ते आपोआप मोजतो आणि तळाचा वाफेचा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडतो. परवा सकाळी इंजिनिअरबाईंनी त्याच्या सेटिंगचे आकडे बदलले. दुपारपासून तापमान हेलकावे खातंय, माल नासतोय. आज त्यांना काढणार आहे मी," मॅनेजर म्हणाले.

"आकडे महिनाभर पारखून घातलेत," पडद्यासमोर बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यानंतर चार तास तापमानाची रेघ सरळ होती."

मग फिटर आला. तो बाईंचा थोरला भाऊ. परवा काय काय काम केलं, ते मास्तरांनी त्याला विचारलं.

"त्या व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी वाफ गळत होती. परवा जेवणाच्या सुट्टीत नट आवळला. आता टिपूस नाही. कंट्रोलरमधलं मला काय कळतंय?"

मास्तरांनी नोंदीचा कागद पसरला. "बापू, काय दिसतं? लाल रेघ म्हणजे व्हॉल्व्हला दिलेला हुकूम, निळी म्हणजे खरोखर गेलेली वाफ."

"लाल करवतीच्या दातांसारखी. निळी जिन्याच्या पायऱ्यांसारखी. म्हणजे आकडे चुकलेत."

"आकडे चुकले असते, तर दोन्ही गुळगुळीत लाटा दिसल्या असत्या."

मास्तरांनी सगळ्यांना कागदाभोवती बोलावलं.

"हुकूम हळूहळू वाढतोय, पण व्हॉल्व्ह ढिम्म. मग अडकलेला दांडा एकदम सुटतो आणि नको तितका पुढे जातो. कंट्रोलर त्याला मागे ओढतो, की पुन्हा तेच. सकाळी रेघ सरळ होती, दुपारी बिघडली. मधे घडलं एकच. नट फार आवळला गेला आणि गळती रोखायला दांड्याभोवती बसवलेल्या पॅकिंगनं दांडा धरून ठेवला. घातपात कुणीच केलेला नाही."

फिटरचा चेहरा उतरला. तो खाली गेला, पान्यानं नट पाव फेरा सैल करून परत आला.

पडद्यावर तापमानाच्या लाटा बुटक्या होत गेल्या. तासाभरात रेघ सरळ झाली. मॅनेजर बाईंना म्हणाले, "माझं चुकलं."

फिटर त्या रेघेवरून नजर हलवेना. "एवढा डोंगर... हा तू सांभाळतेस?"

"मी नाही, दादा. तो स्वतःच स्वतःला सावरतो. किती घाई करायची, तेवढं मी त्याला शिकवते."

मास्तरांचं काम संपलं होतं. पण त्या सरळ रेघेसमोरून निघायचं नाव कुणीच काढेना.