मागच्या सीटकडे वळलेला आरसा

सकाळचा प्रकाश आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कधी घाईने येत नाही. आधी तो दाराच्या फटीतून एक बारीक पट्टी आत सरकवतो. मग वरच्या झरोक्यातून उतरतो, भिंतीला उभ्या केलेल्या खाटेवर रेंगाळतो, हवेतल्या धुळीला घटकाभर सोन्याचं मोल देतो, आणि शेवटी दादाच्या मोटरसायकलच्या टाकीवर येऊन थांबतो. टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथे दादाचे गुडघे टेकत, तिथला रंग झिजून पत्रा उघडा पडला आहे. प्रकाश तिथेच सर्वांत जास्त चमकतो. भीती वाटावी असं त्या उजेडात काहीच नसतं.

म्हणूनच पुढचं सांगताना मी अडखळतो. जे घडलं ते अंधारात नाही, याच उजेडात घडलं.

मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात दादा सकाळी लेकीला शाळेत सोडायला निघाला आणि गोदामाजवळच्या वळणावर भिंतीवर आदळला. तो जागीच गेला. मागे बसलेली भिंगरी गवतात फेकली गेली. तिला खरचटलंसुद्धा नाही. एका जागी ठरत नाही म्हणून माझ्या पुतणीला घरात भिंगरी म्हणतात. पण गाडीवर बसली की ती हमखास पेंगायची. त्या दिवशीही झोपेतच होती. तिला काही आठवत नाही.

ब्रेक फेल झाले, असं मीच सर्वांना सांगितलं. सर्वांनी ते मानलं. गाडी दादाहूनही वयाने मोठी होती.

नंतर वहिनीला दूरच्या कारखान्यात काम मिळालं.

"भाऊजी, गाडी भंगारात नका घालू. नीट करा. मी चालवीन. भिंगरीला शाळेत सोडून तशीच कामावर जाईन."

"हीच गाडी, वहिनी?"

"मग काय, नवी झाडाला लागलीय?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "त्यांचा हात लागलाय तिला."

मी कामाला लागलो. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नटबोल्ट घालून गंज खळखळवून काढला. सीटला जुन्या सोफ्याचं रेक्झिन चढवलं. वाकलेल्या हँडलऐवजी भंगारबाजारातून वहिनीच्या हाताला पोचेल असं हँडल आणलं. भिंगरीला मागे टेकू हवा, म्हणून मोडक्या खुर्चीची नळी वेल्डिंग करून घेतली. सगळं काटकसरीत.

फक्त एका बाबतीत मी हात आखडला नाही.

गॅरेजच्या मिस्त्रींनी चाक उघडून ब्रेकचे लायनर अंगठ्याने चाचपले. "हे कशाला बदलतोस? अजून खूप चालतील. केबलही ठणठणीत आहे."

"बदला."

"टायर जुने घालतोस आणि चांगले ब्रेक फेकतोस? तुझं गणितच उलटं."

"बदला, मिस्त्री."

मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पहिल्यांदा आरशाकडे लक्ष गेलं.

आदल्या संध्याकाळी मी तो मागच्या रस्त्याकडे लावून नट पान्याने आवळला होता. आता तो...

आत वळलेला होता. किंचित खाली झुकलेला.

थरथरीने सैल झाला असेल, असं मनाशी म्हणालो. पण इंजिन तर अजून सुरूच झालं नव्हतं.

वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. मी हसत हसत तिला सांगितलं. तिचा हात दोरीवरच थांबला.

"ते असाच ठेवायचे. मागे बसलेली ही दिसावी म्हणून. हिचे डोळे मिटले की दोनदा हॉर्न द्यायचे. मग ही त्यांच्या पाठीवर थापटून सांगायची, जागी आहे."

मी तो आरसा काढून टाकला. दुसरा लावला.

सकाळी तोही आत वळलेला होता.

त्यानंतर एकदा स्वयंपाकघरात मी चहा घेत होतो. वहिनी भांडी विसळत होती. गाडीची बॅटरी मिस्त्रींच्या दुकानात चार्जिंगला होती. हे मला पक्कं आठवतं, कारण मीच ती नेऊन दिली होती.

शेडमधून आवाज आला...

पीं. पीं.

वहिनीने नळ बंद केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आणि आतल्या खोलीतून भिंगरीचा झोपाळू आवाज आला...

"जागी आहे, बाबा."

मी शेडकडे धावलो. कुलूप जसंच्या तसं. आत बॅटरीची जागा रिकामी. हॉर्नच्या दोन्ही वायरी सुट्या लोंबत होत्या. आरसा आत वळलेला होता, आणि त्याच्या काचेवर, कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी वाफ होती. माझ्यासमोर ती विरत गेली.

वहिनीने त्याबद्दल कधीच विचारलं नाही. पुढच्या सुट्टीच्या सकाळी मात्र म्हणाली, "हिला एक फेरी मारून आणा. टेकूला नीट बसते का बघू."

मला नाही म्हणता आलं नाही. का नाही, ते सांगावं लागलं असतं.

"काका, तू पडलास तर मी हसणार हं," भिंगरी चढता चढता म्हणाली.

इंजिन गोड चाललं होतं. ऊन कोवळं होतं. भिंगरी कुठलंसं गाणं गुणगुणत होती. गोदामाची लांब भिंत सुरू झाली...

गुणगुणणं थांबलं.

किर्र...

माझ्या डोळ्यांसमोर आरसा हळूहळू आत वळला.

त्यात भिंगरी दिसली. डोळे मिटलेले. गाल एका तपकिरी स्वेटरवर टेकलेला. दोन्ही हातांनी तिने तो स्वेटर घट्ट धरला होता.

मी पांढरा सदरा घातला होता.

माझ्या पाठीला कुणाचा गाल लागत नव्हता. माझ्या कमरेला कुणाचे हात नव्हते.

मी घाबरायला हवं होतं. पण त्या चेहऱ्यावर अशी निर्धास्त झोप होती की मला नजर काढवेना. जग तेवढ्याच गोल काचेत मावलं होतं. रस्ता कुठे गेला, मला कळलं नाही.

पीं. पीं.

माझा अंगठा हॉर्नवर नव्हता.

मी समोर पाहिलं. भिंत.

नवे ब्रेक किंचाळले. पुढचं चाक भिंतीवरच्या नव्या गिलाव्याच्या ठिगळापाशी येऊन थांबलं.

मग भिंगरी म्हणाली, "मी जागी होते." तिने कुणाच्या तरी पाठीवर थापटल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या पाठीला काही लागलं नाही.

घरी गाडी ढकलतच आणली. वहिनी दारात उभी होती.

"झाली का तयार?"

"नाही, वहिनी. ब्रेकचं थोडं काम राहिलंय."

"किती वेळा करणार आहात ब्रेक?" एवढंच म्हणाली, आणि आत वळलेला आरसा तिने स्वतःच्या पदराने पुसला. सरळ केला नाही.

गाडी अजून शेडमध्येच आहे. वहिनी पहाटेची बस पकडते आणि भिंगरीला मी चालत शाळेत सोडतो. रोज सकाळी प्रकाश टाकीवर येतो, तिथून आरशावर जातो, आणि आरसा त्याचा एक छोटा गोल मागच्या रिकाम्या सीटवर पाडतो. मी आरसा रस्त्याकडे वळवतो. दुसऱ्या दिवशी तो गोल पुन्हा तिथेच असतो.

काही विचारायला कुणी येत नाही. आलं, तर भिंगरीसाठी अजूनही मी तेच सांगतो, ब्रेक फेल झाले.

पण त्या सकाळी दादाचे ब्रेक चांगले होते.