हिरव्या डोहातला श्वास

तळ्याच्या पार वरच्या टोकाला, कड्याच्या सावलीत, एक खोल डोह होता. तिथे अंड्यावर आलेल्या माशांच्या मोठ्या माद्या अजून जिवंत असतील, तर त्या होडीवरच्या टाकीत घालून खाली मत्स्यबीज केंद्रात आणायच्या, यासाठी ती तिघं निघाली होती. गेल्या पावसाळ्याने पाठ फिरवली होती आणि हा उन्हाळा तर हात धुऊन मागे लागला होता. तळं आटून निम्मं राहिलेलं. रोज सकाळी मेलेल्या माशांचा पांढरा थर काठाला लागायचा. डोहातल्या माद्याही गेल्या तर पिल्लं कुठून आणणार? मग होड्या उलट्या घालून सगळ्या काठाने हात चोळत बसायचं.

मच्छीमारांच्या सोसायटीत एकच बोललं जात होतं: कुणीतरी पाण्यात विष कालवलंय.

होडी चालवणाऱ्या वहिनीला तर त्या ‘कुणीतरी’चं नावसुद्धा माहीत होतं. तिचा सख्खा दीर! इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण तोंड फटकळ. सोसायटीच्या अध्यक्षाशी त्याचं वाजलं आणि त्याला कामावरून काढलं. पुढे काही दिवसांतच मासे मरायला लागले. त्या पहिल्याच सकाळी वहिनीने त्याला काठावर मोठाले ड्रम धुताना पाहिलं होतं. घसाघसा, कुणी बघत नाही ना अशा नजरेने. तिने ते घरात कुणाला सांगितलं नाही, पण मनात पक्की गाठ मारली. मोहिमेला मिस्त्री म्हणून तिने त्यालाच घेतलं, तेव्हा सगळे चकित झाले. तिचा हिशोब सरळ होता: हा मागे राहिला तर काय करील याचा नेम नाही.

तिसरी होती पाणी तपासणारी बाई. डोक्याला रुमाल, गळ्यात मीटर, आणि पेटी अशी सांभाळायची की जणू आत तान्हं मूल आहे.

ती रोज दुपारी होडी थांबली की मीटर पाण्यात सोडायची आणि म्हणायची, "ऑक्सिजन तर भरपूर आहे. मासे गुदमरून मेले म्हणावं तर आकडे तसं सांगत नाहीत. दुसरंच काहीतरी आहे."

वहिनी दिराकडे बघायची. दीर इंजिनाकडे बघायचा.

पुढे पाणी संपलं आणि चिखल लागला. वरून भेगाळलेला, आतून लिबलिबीत. होडी ओढत न्यायची. दोर खांद्याला काचत होता, ऊन टाळू भाजत होतं. वहिनी पुढे होती. अचानक पाय गेला. मग गुडघा. मग कंबर! ती धडपडली तसा चिखल आणखी वर आला.

"हलू नका, वहिनी," दीर मागून म्हणाला. "पोटावर आडव्या व्हा."

त्याने होडीतली फळी पुढे सरकवली, स्वतः फळीवर लोटांगण घातलं आणि वहिनीच्या काखेत हात घालून ओढलं. एकदा. दोनदा. चिखलाने चप्पल ठेवून घेतली, वहिनीला सोडलं! ती धापा टाकत फळीवर पडली, आणि पहिला विचार काय आला असेल? तर, उपकाराखाली ठेवतोय लबाड. माणसाचं मन एकदा किडलं की असंच चालतं.

संध्याकाळी डोह दिसला. हिरवागार, शेवाळाने दाट झालेला, दगडांच्या कोंडाळ्यात. आणि माद्या होत्या! काळ्या पाठी पाण्याखाली संथ फिरत होत्या. वहिनीला रडूच आलं. सकाळी उजाडलं की पकडायच्या, असं ठरवून तिघं दगडावर आडवी झाली.

झुंजूमुंजू होताना तिला पाण्याचा आवाज आला. शेजारी दिराची जागा रिकामी. ती वल्हं उचलून धावली. तो डोहात मांडीभर पाण्यात उभा होता आणि डबा उंच धरून पाण्यात काहीतरी ओतत होता!

वहिनीने वल्हं हाणलं. डबा उडाला, दीर तोंडावर आपटला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "घरचा माणूस असून भाऊजी! काय कालवलंत?"

"पाणी," तो खांदा धरून उठला. "डोहाचंच पाणी डोहात ओततोय. आधी खाली बघा, मग हवं तर आणखी एक घाला."

तिने खाली पाहिलं. माद्या वर आल्या होत्या. सगळ्या. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होत्या. एक तर कलंडलीच होती.

तपासणारी बाई धावत आली, मीटर बुडवलं आणि आकडा वाचला. "ऑक्सिजन जवळजवळ संपलाय. मी रोज दुपारीच मोजत आले. दुपारी उन्हात हे शेवाळच ऑक्सिजन सोडतं, म्हणून आकडा चांगला यायचा. रात्री तेच शेवाळ तो खाऊन टाकतं. त्यात पाणी थोडं आणि तापलेलं, ते मुळातच कमी ऑक्सिजन धरतं. पहाटेला काही उरत नाही. विष नाहीच. माझीच वेळ चुकली."

"आणि ते ड्रम?" वहिनीने विचारलं.

"त्या दिवशी पहाटे मासे असेच तोंड काढून होते. जमतील तेवढे ड्रममध्ये घेतले. ड्रममध्येही मेले. मग धूत बसलो." तो डबा शोधायला वळला. "लोक तोवर विष विष ओरडत होते. माझं कोण ऐकणार? तुम्ही तरी विचारलंत का?"

तिने बादली उचलली.

तिघं ओतत राहिली. उंचावरून, फेस येईल असं, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. हात भरून आले. ओता! थांबू नका! ऊन शेवाळावर पडलं तेव्हा कुठे माद्या एकेक करून खाली गेल्या. कलंडलेली मात्र मेली.

आता टाकीचं काय? वहिनीने टाकीला हात लावून पाहिला. चिखलातून, या उन्हात, त्या कोमट टाकीत एकही मादी पोचली नसती.

"राहू देत इथेच," ती म्हणाली. "टाकी भरायचा पंप आहे ना? पहाटे त्याने पाणी उडवत राहायचं. भाऊजी, होडीच्या इंजिनातलं पेट्रोल काढा."

"मग तुम्ही जाणार कशा?"

"वल्ह्याने. नाहीतरी ते मारायला चांगलं वापरता येत नाही मला."

तो हसला, पहिल्यांदाच. "येतं की. खांद्याला विचारा." ती हसू शकली नाही. "भाऊजी, माझं चुकलं," एवढंच म्हणाली आणि आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी त्याच्याजवळ ठेवून तपासणाऱ्या बाईबरोबर होडी ओढत निघाली.

खाली काठावर सगळे जमले होते. रिकामी टाकी बघून अध्यक्ष भडकला. "मासे कुठायत? आणि तो?"

"मासे डोहात, आणि भाऊजी त्यांच्यापाशी."

"त्याच्या हवाली करून आलात?"

"हो. विष कुणी घातलेलं नाही. उद्या पहाटे बादल्या घेऊन या आणि डोळ्यांनी बघा."

ते आले, पण नाक मुरडतच. फटफटलं, आणि उरलेसुरले मासे वर आले. इथे तोंड, तिथे तोंड, तळंभर तोंडं! तपासणारी बाई सगळ्यांना मीटर दाखवत फिरली, पण मीटरकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वहिनी पाण्यात उतरून बादली ओतू लागली, मग तिच्या बाजूला आणखी एक बादली, मग आणखी.

उन्हं आल्यावर अध्यक्ष भिजल्या कपड्यांनी तिच्यापाशी आला. हातातली बादली खाली ठेवली.

"वर डोहावर," त्याने विचारलं, "मिस्त्रीला पेट्रोल किती लागेल?"