दोष आढळला नाही

काट्यावरचा शेवटचा आकडा हलत होता. तीन, चार, पुन्हा तीन, पाच. आमचा वजनकाटा ग्रॅमचा दहा हजारावा भाग मोजतो. त्याला पंखा खपत नाही, टेबलाला टेकलेलं कोपर खपत नाही, आणि कुणी दार आपटलं तर तो मिनिटभर रुसून बसतो. पण त्या सकाळी पंखा बंद होता, दार उघडं असलं तरी हलत नव्हतं, आणि माझी कोपरं माझ्यापाशीच होती.

"तुमचा श्वास," दारातून आवाज आला.

"काय?"

"तुम्ही वाकून बघताय ना... श्वास थेट आत जातोय. काट्याभोवतीची बाजूची काच उघडी राहिलीय."

राहिली होती खरी. रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काढलेल्या बाईची काच उघडी राहावी! मी ती सरकवली. आकडा जागेवर बसला. माझे कान मात्र तापले.

तो काट्यांच्या वार्षिक तपासणीला आलेला मेकॅनिक होता. हातात वजनांची पेटी, अंगात निळा शर्ट. पण उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता.

"या की आत."

"तुम्ही अजून म्हणाला नव्हतात."

मग सुरूच झालं. "ही खुर्ची घेऊ?" घ्या. "हा पुसायचा कागद?" घ्या. "खिडकीतला उजेड?"

"उजेडाची परवानगी मी देत नाही."

"मग कोण देतं?" त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं की मला हसू आवरेना.

कारण त्यानेच सांगितलं. त्याचे वडील प्रवचनकार. यमनियमांवर चाळीस वर्षं बोलत आलेले. एकदा याने जेवताना विचारलं, बाबा, हे कुणी वापरून पाहिलेत का? वडील म्हणाले, तू बघ. तेव्हापासून हा बघत होता. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह... न दिलेलं घ्यायचं नाही, नसलेलं सांगायचं नाही, नको ते साठवायचं नाही.

"आणि पाचवा?" मी विचारलं, आणि विचारल्यावर मला आठवला: ब्रह्मचर्य.

"तो," तो काट्याकडे बघत म्हणाला, "सध्या आपोआपच पाळला जातोय."

आमच्या कारखान्यात त्याचं नाव 'यमनियम' पडायला एक दिवस पुरला. तपासणी वीस मिनिटांची असते. त्याला तीन तास लागले. मी मोजले.

पंधरा दिवसांनी मी तक्रार नोंदवली: आकडा भरकटतो. तो आला, पुन्हा तीन तास तपासलं आणि कागदावर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. आज शर्ट दुसरा होता. त्याच्याकडे दोनच असावेत, एक निळा आणि एक त्याहून किंचित कमी निळा. माझं कामच रंगछटांचं असल्यामुळे तो फरक मी आकड्यात सांगू शकले असते.

मी केस कापले होते. "कसे दिसतात?" म्हटलं.

त्याने पुसायच्या कागदाची चौकोनी घडी घातली. मग म्हणाला, "चहा मिळेल का?"

"हे उत्तर आहे?"

"सत्य आणि अहिंसा एकमेकांवर आदळली की मी चहा पितो."

"म्हणजे वाईट दिसतात!"

"मागे फार सरळ कापलेत. पुढून..." तो थांबला, "पुढून मी बघत होतो, त्यामुळे केसांकडे लक्ष नव्हतं."

नेमका तेव्हाच आत्याचा फोन आला. आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. माझी प्रत्येक परीक्षा तिने माझ्याआधी उठून दिलेली. तिने एक स्थळ आणलं होतं आणि गेले काही आठवडे मी "विचार करते" म्हणत होते. विचार कसला करायचा होता? मला तो मुलगा नको होता. पण नाही म्हटलं की आत्याचा आवाज बारीक होतो, आणि तो बारीक आवाज मला सोसत नाही. म्हणून त्या दिवशीही म्हटलं, "हो आत्या, मुलगा चांगलाच आहे. विचार करतेय."

फोन ठेवला, तर यमनियम भिंतीकडे तोंड करून चहा पीत होता. जाईपर्यंत त्याने वळून पाहिलं नाही.

महिन्याने मी दुसरी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला.

"मॅडम, तो यमनियम आलाय. वहीत 'कामाचे कारण' या रकान्यात त्याने 'निरोप घेणे' असं लिहिलंय. म्हटलं, बाबा, 'काटा दुरुस्ती' लिही. तर म्हणतो, ते खरं नाही. आत सोडू?"

"सोडा," मी म्हटलं.

तो आत आला. पेटी उघडलीच नाही.

"काट्यात दोष नाही," तो म्हणाला. "दोष तक्रारीत आहे."

मी सत्य मोडताना रंगेहाथ सापडले होते.

"आणि माझ्यातही. वीस मिनिटांच्या कामाला मी दोनदा तीन तास घेतले. सरळसरळ चोरी. काल आमच्या साहेबांना सांगून आलो. पुढच्या वेळी दुसरा माणूस येईल."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, असं कबूल करायला कुणी येतं का रे, वेड्या! पण काम बदलून दिलं." त्याने पेटीची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. "तुमचं ठरत आलंय. तुम्ही मला दिलेल्या नाही आहात. मग रोज मनातल्या मनात तुम्हाला घेऊन फिरणं... हे अस्तेयात बसत नाही. मी बरंच बसवून पाहिलं."

"काही ठरत आलेलं नाही."

"फोनवर तर 'चांगलाच आहे' म्हणालात."

"ते मी आत्याला दुखवायचं नाही म्हणून म्हणते!"

"किती दिवस झाले?"

"सात आठवडे."

"सात आठवडे तुमच्या आत्या आशेवर आहेत," तो हळूच म्हणाला, "आणि तुम्ही याला न दुखवणं म्हणता?"

टेबलावर फोन थरथरला. आत्या. तो पेटी उचलून दाराकडे निघाला.

"थांबा," मी म्हटलं आणि फोन घेतला.

"अगं, रविवारी येतायत ती मंडळी," आत्या एका दमात सुरू झाली. "मी पडदे धुवायला काढलेत. तू तो राखाडी ड्रेस घालू नकोस हं, त्यात तू ऑडिटला आल्यासारखी दिसतेस. अगं, ऐकतेस ना? की अजून विचारच चाललाय?"

"आत्या, विचार कधीच चालला नव्हता. मी खोटं बोलत होते."

पलीकडून तोच, बारीक आवाज. "म्हणजे?"

तो दारात उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, फोनकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत.

"म्हणजे रविवारी त्यांना येऊ नका म्हणून सांग. मला त्या मुलाशी लग्न करायचं नाही. मला इथले काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाशी करायचंय. त्याला अजून विचारलेलं नाही, आत्या, पण तो ऐकतोय."