टँकर उजवीकडे म्हणतो

"देशाच्या इतिहासात या माळाचं नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहिलं जाईल," असं बब्रुवाननं उभं राहून जाहीर केलं आणि लगेच खाली बसला. बाभळीचा काटा चपलेतून आरपार आला होता.

"आधी काटा काढ," सुजाता म्हणाली. "इतिहासाचं मागून बघू."

दुष्काळाचं वर्ष होतं आणि मे महिन्याची सुट्टी. सोसायटीचा टँकर नळदुर्गाकडून येई आणि माळाखालच्या फाट्यावर कधी डावीकडे बौद्धवस्तीला वळे, कधी उजवीकडे गावात. ही दोघं माळावरून त्याचा वळायचा दिवा बघत आणि ज्यांचं पाणी त्यांना आरोळी देत. गावाला आरोळी नसली तरी चाले, हॉर्न ऐकून माणसं घरातून येत. वस्तीतल्या बाया मात्र दुष्काळी कामावर लांब खडी फोडत. आरोळी आली तरच त्या घागरी घेऊन पळत.

पण हल्ली टँकरला काय झालं होतं कोण जाणे. दिवा डावा दाखवी आणि शिरे गावात, उजवा दाखवी आणि शिरे वस्तीत. तिथं चिटपाखरूही नसे, आणि वळलेला बघून आरोळी दिली तरी बाया पोचेपर्यंत उशीर होई. ड्रायव्हर नागप्पा हॉर्न वाजवून वाजवून कंटाळे आणि पाणी गावात नेई.

"तू आरोळी देतीस का झोपा काढतीस गं?" सुजाताची आई भिमाबाई रोज विचारी. त्यात बब्रुवानचे चुलते, सोसायटीचे चेअरमन तात्याराव, काल म्हणाले होते, "वस्तीला पाण्याची गरज दिसत न्हाय. उद्या बी कुणी आलं न्हाय तर तिथली फेरी बंद."

आणि आता टँकर येत होता. उजवा दिवा लुकलुकत होता. बब्रुवाननं गावाकडं तोंड करून छाती भरून घेतली.

"थांब," सुजाता म्हणाली. "रोज उलटंच होतंय. दिवाच उलटा असंल तर?"

दोघं धावत फाट्यावर गेली आणि हात पसरून रस्त्यात उभी राहिली. नागप्पानं ब्रेक मारला.

"मरायचं हाय का रे?"

"नागप्पामामा, कुठं वळणार?"

"वस्तीत. दिवा दिसत न्हाय व्हय?"

"दिसतो की. उजवा."

नागप्पानं समोरच्या काचेखालचा बाण बघितला. डावा. मग उतरून दिवा बघितला. उजवा. स्वतःचेच पाय उलटे लागलेत असं कळल्यासारखं त्यानं दोन्हीकडं परत बघितलं.

"मागं गाडी दुरुस्तीला टाकली तवा मिस्त्रीनं दिव्याच्या वायरींचा कपलर बदललाय," तो म्हणाला.

बॉनेटखाली कपलर सापडला. प्लास्टिकची डबी, मागून वायरी आत गेलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला दाबून बसवलेली पितळी पिन. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. नागप्पानं बॅटरी सोडली आणि पक्कड उचलली. "ओढतो अन् बदलतो."

"नको मामा. वायर किती आखूड आहे बघा. तुटली तर जोडायला टोक उरायचं न्हाय."

"मग? आरती करू तिची?"

सुजातानं डबीच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं. पिनेच्या अंगाला इवलीशी जीभ होती, प्लास्टिकच्या खाचेत अडकलेली. ओढाल तितकी ती रुतणार. तिनं केसांतली पिन काढून सरळ केली आणि चपटी बाजू आत सरकवली.

"बब्र्या, वायर आधी थोडी आत ढकल. जीभ मोकळी होऊ दे. हं. आता हळूच मागं घे."

पितळी पिन अलगद बाहेर आली. दुसरीही आली. बब्रुवाननं घाईनं पहिली पिन दुसरीच्या रिकाम्या भोकात घातली; ती तशीच परत बाहेर घसरली.

"जीभ दबलीय," सुजाता म्हणाली आणि केसांच्या पिनेनं ती जराशी वर उचलली. या वेळी पिन आत जाताना टक् असा आवाज झाला. दुसरीचंही तसंच केलं. दोन्ही ओढून पाहिल्या. जागच्या हलल्या नाहीत.

नागप्पानं बॅटरी जोडली. बाण डावा, दिवाही डावा. मग बब्रुवाननं आणि सुजातानं वस्तीच्या नावानं अशी आरोळी दिली की खडी फोडणारे हातोडे थांबले.

तात्याराव रिकामी वस्ती बघायला आले, तेव्हा भिमाबाई रांगेत सगळ्यांच्या पुढं होती. नागप्पानं घडलं ते सांगितलं. तात्यारावांनी टोपी नीट केली.

"फेरी बंद करायला निघालो होतो, चूक माझी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "फेरी चालूच राहील. या लेकरांनी आज जी बुद्धी, जो धीर, जी एकजूट दाखवली, ती अवघ्या तालुक्याला..."

"तात्या," सुजाता हळूच म्हणाली, "तुम्ही पाण्याच्या नळीवर उभे आहात. जरा पाय काढता?"