झुबेदाचा प्राणवायू

चौतिसाव्या भागात झुबेदाने आपली प्राणवायूची नळी काढून यानावरच्या सहकाऱ्याला, ईशानला दिली. या मोसमात तिसऱ्यांदा. नफीसा सिद्दीने पडदा बंद केला आणि मनाशी पक्कं ठरवलं, की यामागे कुणाचा तरी हात आहे.

शंका घ्यायचा तिला अधिकार होता. पाच वर्षांपूर्वी ‘शुक्रफेरी’ ही अंतराळयानावरची मालिका सुरू झाली, तेव्हा मुरूडच्या या नटीने सहा महिने यंत्रासमोर बसून आपला आवाज, चेहरा, रागलोभ, चिडल्यावर टेबलावर थाप मारायची खोड, सगळं दिलं होतं. त्यातून झुबेदाचं ‘पात्रबीज’ तयार झालं. पात्रबीज म्हणजे पात्राचं गणिती मन. एकदा ते रुजलं की नटाची गरज उरत नाही आणि लेखकाचीही नाही. ते वाढतं चाहत्यांच्या गोष्टींवर. आवडत्या मालिकेतली पात्रं उचलून स्वतःच्या गोष्टी रचणं हा लाखो लोकांचा छंद. पूर्वी त्या गोष्टी चाहत्यांच्या कट्ट्यावर पडून असत, आता त्या पात्रांच्या पोटात जातात. लोक ज्याला प्रेमात पाडतात ते पात्र पुढच्या भागांत प्रेमात पडतं, ज्याला रडवतात ते रडतं. याला ‘लोकपोषण’ म्हणतात. निर्माते त्याला लोकशाही म्हणत, कारण ते स्वस्तात पडे.

पहिल्या मोसमातली झुबेदा भांडखोर होती. यानाचं सुकाणू तिच्या हातात, कप्तानाशी उभा दावा, आणि चोरून आंबापोळी खाणार. आता ती फक्त लोकांची समजूत घालत असे. चाळिसाव्या भागात तिचं बलिदान होणार, असा यंत्राचा अंदाज जाहीर झाला होता. आणि मेलेल्या पात्राचं बीज कायमचं पुसायचं, असा नियम होता. नफीसाच्या हातात सहा आठवडे होते.

“तिच्यात कुणी ढवळाढवळ केलीय?” तळेगावच्या प्रयोगशाळेत खुर्चीवर टेकायच्या आधीच तिने विचारलं.

डॉ. केतकी भाटवडेकर या पात्रबीजांच्या राखणदार. पन्नाशीच्या, मऊ बोलणाऱ्या. नफीसाचा मऊ बोलणाऱ्यांवर भरवसा नव्हता.

“कुणीच नाही, नफीसाताई. ही नोंद बघा. बाहेरून केलेले बदल, शून्य.”

“नोंद तुमचीच की.”

“हो, पण...”

“निर्मात्यांना काळी बाई पडद्यावर नकोशी झाली, असं सरळ सांगा ना. मला सवय आहे ऐकायची.”

“अहो, उलट! मतदानात ती पहिल्या तिघांत असते. तिच्याबद्दल कुणी एक वाईट शब्द लिहीत नाही.”

नफीसाला हेच खटकलं. पाच वर्षांत एकही वाईट शब्द नाही? तिच्या स्वतःच्या सासूने पाच दिवसांत काढले होते.

“मग सगळ्यांत जास्त गोष्टी तिच्यावर असतील.”

“सगळ्यांत जास्त इरावर आहेत.”

“कोण इरा?”

“कोठारावरची. गोरी, घाऱ्या डोळ्यांची.”

“तिला तर सात वाक्यं होती!”

“सातच. पण एकोणीस हजार गोष्टी आहेत. तिचं पोरकेपण, तिची तीन लग्नं, तिला वाटणारी पाण्याची भीती. झुबेदावर चारशे. पण ती जवळजवळ सगळ्या गोष्टींत असते हं.”

“काय करत असते?”

केतकी चष्मा पुसू लागल्या. “इराला धीर देते. ईशानच्या जखमा बांधते. शहाणपणाचं बोलते.”

“आणि तिला स्वतःला काय हवं असतं?”

केतकींनी पडद्यावर दोन आकृत्या आणल्या. प्रत्येक बीजात ‘इच्छाबिंदू’ असतात, त्यांनी समजावलं. गोष्टीत पात्राला काही हवंसं वाटलं की बिंदू उजळतो. वापर थांबला की विझतो. पहिल्या मोसमाच्या शेवटी झुबेदाचे दोनशे दहा बिंदू होते. आज चार.

“कुठले चार?”

“चारही ईशानच्या सुखाबद्दलचे.”

कुणी शिवी दिली असती तर नफीसाला बरं वाटलं असतं.

“लोक जपून लिहितात, ताई,” केतकी घाईने म्हणाल्या. “सिद्दी बाई रागीट दाखवली तर नावं ठेवतील, लबाड दाखवली तर ठेवतील. त्यापेक्षा चांगलीच दाखवलेली बरी.”

“तुम्ही लिहिता का?”

“कट्ट्यावर दर वर्षी फर्माइशींची देवघेव असते. एकाने मागायची, दुसऱ्याने लिहायची. माझ्या एकेचाळीस झाल्यात.”

“त्यांत झुबेदा काय करते?”

केतकी लाल झाल्या. “काढा देते.”

नफीसा हसली नाही. तिने केतकींची एक जुनी गोष्ट मागून घेतली. तीत इरा ईशानला प्राणवायू द्यायला साफ नकार देते, ताट भिंतीवर फेकते आणि ओरडते, मला जगायचंय. वाचकांनी तेव्हा लिहिलं होतं, ‘इरा अगदी अशीच! डोळ्यांत पाणी आलं.’ नफीसाने कोठाराच्या जागी सुकाणूकक्ष केला, इराच्या जागी झुबेदा, आणि गोष्ट टोपणनावाने कट्ट्यावर टाकली. बाकी एक शब्द बदलला नाही.

कट्ट्याचा नियम साधा होता. निम्म्याहून जास्त वाचकांनी ‘स्वभावाबाहेर’ असा शेरा दिला तर ती गोष्ट बीजापर्यंत जात नसे. पात्रांवर अन्याय होऊ नये म्हणून हा नियम चाहत्यांनीच आग्रहाने करून घेतला होता.

दोन दिवसांत सहाशे चाळीस जणांनी गोष्ट वाचली. सहाशे बारा जणांनी शेरा दिला. कुणी वाकडं बोललं नाही. ‘लिहिलंय सुरेख, पण झुबेदा इतकी स्वार्थी नाही.’ ‘तिला असं पाहून वाईट वाटलं. ती आमची माउली आहे.’

“अजून लिहीन,” नफीसा म्हणाली. “शंभर लिहीन.”

“तेच लोक वाचणार,” केतकी म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज मऊ नव्हता, नुसता थकलेला होता. “मीही शेरा दिला, ताई. बोट आपोआप गेलं. नंतर लक्षात आलं, वाक्यं माझीच आहेत.”

शेवटचा उपाय म्हणून दोघींनी ती गोष्ट थेट झुबेदाला वाचायला दिली. वाचल्याने बीज बदलणार नव्हतं, पण ती काय म्हणते ते तरी कळलं असतं. ध्वनिक्षेपकातून नफीसाचाच आवाज आला, पाच वर्षांपूर्वीचा.

“वाचली मी. लिहिणारी फार दुखावलेली दिसते. तिला काही हवंय का?”

“तुला काय हवंय ते बोल!” नफीसा ओरडली. “तुला जगायचं नाहीये का गं?”

“ईशान वाचला की झालं.”

नफीसाने टेबलावर थाड्कन थाप मारली. पाण्याचा पेला लवंडला. ही थाप झुबेदा ओळखेल, अशी तिला वेडी आशा होती.

“हळू,” झुबेदा म्हणाली. “हाताला लागेल तुमच्या.”