पिवळ्या हेल्मेटचा भार

ही गोष्ट २०५१ सालची. चाकणच्या पुढे डोंगर फोडून उंच मनोरे उभे राहत होते. पूर्वी क्रेनच्या केबिनीत माणूस बसलेला असे. ओझ्याखाली कुणी आलं की तो शिट्टी मारी आणि तरी ऐकलं नाही, तर आईबहिणीवरून शिव्या घाली. त्या शिव्यांनी कित्येकांचे जीव वाचवले. मनोऱ्यांच्या नव्या क्रेनवर माणूस नव्हता. तिथं कधी थांबायचं हे स्वतःच ठरवणारं विवेकयंत्र बसवलं होतं.

एका दुपारी क्रेनवरची सळयांची मोळी झुंबर राठोड या मजुराच्या अंगावर आली आणि तो जागीच गेला. संध्याकाळी कंपनीचा अहवाल तयार होता : कामगाराचा निष्काळजीपणा.

झुंबरची बहीण शेवंता त्याच मनोऱ्यावर कामाला होती. दुसऱ्या दिवशी ती सुरक्षा अधिकारी इकबाल मुजावर यांच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, माझा भाऊ आंधळा नव्हता. क्रेन आंधळी हाय का, तेवढं सांगा. उद्या मला आन् माझ्या टोळीला तिच्याच खाली उभं राहायचंय."

"आंधळी कशी असेल? मागं मी तिच्या वाटेत आलो, तर जागच्या जागी थांबली."

"तुमच्यासाठी थांबली. त्याच्यासाठी का नाही?"

मुजावर तिला घेऊन नियंत्रण कक्षात गेले. विवेकयंत्र घडवणाऱ्या मृणालिनी टिळेकर तिथं होत्या.

"ओझं हवेत एकदम थांबवलं की झोका बसतो, काम खोळंबतं," मृणालिनी म्हणाल्या. "म्हणून यंत्र तोल पाहतं. एका पारड्यात थांबण्याचा तोटा, दुसऱ्यात खालच्या माणसाचा भार. माणसाचा भार जास्त असेल तरच थांबायचं."

"तो भार ठरवतं कोण?" मुजावरांनी विचारलं.

"कंपनी. मेल्यावर कुणाची किती भरपाई द्यावी लागते, त्यावरून."

"आणि यंत्राला माणूस ओळखू कसा येतो?"

मृणालिनींचा आवाज खाली आला. "हेल्मेटच्या रंगावरून. पांढरं इंजिनिअरचं, पिवळं मजुराचं."

"म्हंजे त्यानं झुंबरला बघितलं," शेवंता म्हणाली.

"हो."

"आन् बघून बी थांबलं नाही."



मुजावर तडक संचालक जयकरांकडे गेले. सगळ्यांचा भार सारखा करा, म्हणाले.

जयकर हसले. "पिवळ्यासाठी दर वेळी थांबलो, तर हा मनोरा माझी नातवंडं पूर्ण करतील. कायदा म्हणतो हेल्मेट द्या. दिलंय. आता जा."

मुजावर जिना उतरले. कायदा त्यांना पाठ होता. मालकानं हेल्मेट द्यावं, कामगारानं ते घालावं. रंगाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी गोदामातून पांढऱ्या ऑइलपेंटचे डबे उचलले आणि टोळीपुढे नेऊन ठेवले.

सकाळी सगळी टोळी रंगवलेल्या पांढऱ्या हेल्मेटात आली. टोळीतल्या धर्मा पवारनं छाती काढली. "अक्का, मी साहेब झालो. चहा मागवू?"

"आधी जित्ता राहा मेल्या, मग चहा पी," शेवंता म्हणाली.

क्रेन प्रत्येकासाठी थांबली. धर्मासाठी, शेवंतासाठी, उसनं पांढरं हेल्मेट घालून डबा घेऊन आलेल्या बाईसाठी. दुपारपर्यंत मनोऱ्याचं काम माणसाच्या चालीनं चालू लागलं. जयकरांनी टोळीवर खटला भरला : इंजिनिअर असल्याचं भासवून कंपनीचं नुकसान केलं.

"नुकसान कसं झालं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"क्रेन सारखी थांबत राहिली," जयकर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून म्हणाले.

"का?"

"खाली माणसं होती."

"पिवळ्या हेल्मेटखालीही माणसंच होती ना? तेव्हा का नाही थांबली?"

जयकरांनी वकिलाकडे पाहिलं. शपथेवर द्यायचं खरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की झुंबरचा मृत्यू अपघात उरत नव्हता. मृणालिनी मागच्या बाकावरून उठल्या. "मी सांगते," त्या म्हणाल्या.

पुढे न्यायालयाचा हुकूम निघाला : सर्वांचा भार समान. कंपन्यांनी तो तंतोतंत पाळला. पांढऱ्याचा भार कमी करून पिवळ्याइतका केला. तेव्हा इंजिनिअर संपावर गेले, आणि आठवड्याच्या आत विधानसभेचं खास अधिवेशन भरलं. माणूस खाली असताना ओझं हलवणं गुन्हा ठरला. झुंबर गेला तेव्हा मात्र कुणाला सवड नव्हती.

जयकर थोडे दिवस तुरुंगात होते. नंतर त्यांनी दुसऱ्या नावानं कंपनी काढली. मृणालिनींना कुणी नोकरी दिली नाही, त्या साताऱ्यात मुलांना गणित शिकवत. मुजावरांना रंग चोरल्याबद्दल काढून टाकलं. ते मिरजेला वारले. धर्मा गवंडी झाला. शेवंता टोळीची मुकादम झाली. कायद्याच्या समारंभात मंत्र्यांनी तिला फोटोसाठी बोलावलं होतं. ती गेली नाही. त्या दिवशी स्लॅब ओतायचा होता, आणि तिची माणसं वर होती.